ताईची सम

गल्लीत त्याला सगळे ठोक्या म्हणत. भाजीवाल्याचा तराजू असो की दवाखान्यातलं बाकडं, समोर येईल त्यावर त्याची बोटं वाजायची. लहानपणी डब्यांच्या झाकणांवर सुरुवात झाली, पुढे तबला आला. पण साथ कायम एकाच गाण्याला, थोरल्या बहिणीच्या.

ताईने सरकारी समारंभात गायला नकार दिला, तेव्हापासून तिच्या गाण्यावर बंदी होती. मग ती नाव न सांगता, आवाज खाली उतरवून, नुसत्या तानपुऱ्यावर गाऊ लागली. त्या कॅसेटी घरोघर फिरल्या. त्यातली एक पोलीस खात्यातल्या साहेबांच्या हाती लागली आणि ठोक्याला बोलावणं आलं.

"एरवी मिठाची गुळणी धरून बसतोस," ताई म्हणाली, "आज तिचा उपयोग होऊ दे."

साहेब हळू बोलणारे, तरुणपणी गाणं शिकलेले. त्यांनी चहा मागवला, टेप लावली.

"कोण असेल?"

"नवशिकी दिसते, साहेब. दम पुरत नाही."

"बहिणीसारखी नाही वाटत?"

"ताई इतकं बेसूर गाईल होय?"

साहेब हसले. "ऐका तरी. चहा घ्या."

ठोक्या दगडासारखा बसून राहिला. ताईची एक खोड होती. तालाचं आवर्तन जिथे येऊन टेकतं त्या समेवर ती सरळ येतच नसे. ऐकणाऱ्याची मान खाली गेली की किंचित थांबायची, आणि मग उतरायची. नवा तबलजी हमखास तोंडावर पडे.

टेपवर ती जागा आली. साहेबांचं बोट टेबलावर टेकलं. आवाज अजून वरच होता. मग तो उतरला, आणि नेमका त्याच क्षणी ठोक्याचा हात मांडीवर पडला.

साहेबांनी टेप थांबवली.

"मी फसलो. तुम्ही नाही फसलात." त्यांनी बशी पुढे सरकवली. "चहा निवतोय. पिऊन घरी जा."

घरी ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बोललास काही?"

"नाही."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ. एक अक्षर नाही."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "ठाऊक होतं. तुझ्या तोंडून शब्द काढायला पहार लागते."

खाली गाडी थांबली. बुटांचा आवाज जिना चढू लागला. ताईने हातातली घडी नीट खाली ठेवली आणि चपला शोधल्या.

"कुणीतरी फितूर झालंय रे," ती म्हणाली. "शोधून काढ त्याला. सोडू नकोस."

ठोक्याने मान हलवली. दोन्ही हात त्याने काखेत दाबून धरले होते.