नवीन पुरण आलं आहे

नाशिक रोडच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचकांसाठी मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला, पण मराठी टाइप करायला मला फार वेळ लागायचा, म्हणून फोनला तोंडीच मजकूर सांगू लागले. एका सकाळी मी खणखणीत आवाजात म्हटलं, "नवीन पुराणं आली आहेत, लवकर घेऊन जा." फोनने लिहिलं, "नवीन पुरण आलं आहे, लवकर घेऊन जा." मी न वाचताच ते पाठवून दिलं.

संध्याकाळी दार उघडलं, तर बाहेर सात-आठ वाचक उभे. प्रत्येकाच्या हातात स्टीलचा डबा! नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांत पुढे होते.

"मॅडम, गुळाचं आहे की साखरेचं?"

मला काहीच कळेना. मी म्हटलं, "काका, अठरा खंड आहेत."

"अठरा? मग पातेलंच आणायला हवं होतं की हो!"

मी घाईघाईने फोन उघडून मेसेज वाचला आणि लाजेने लाल झाले. सगळ्यांची माफी मागितली. काका खो खो हसले. "आलोच आहोत तर दाखवा तुमची पुराणं," म्हणाले आणि दोन खंड घेऊन गेले. बाकीचेही कपाटांतली पुस्तकं चाळत बसले. वाचनालयात इतकी गर्दी मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून चूक दुरुस्त करणारा मेसेज मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी टाकला.