उतरत्या पाण्याची वेळ

घिवलीहून सुके बोंबील विकायला बोईसरला येणाऱ्या एक मावशी दर बुधवारी आमच्या वाचनालयात येतात. हाताला वास असतो म्हणून पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेतात आणि परत देताना आधी स्वतः हुंगून बघतात. मत मात्र त्यांना विचारावं लागत नाही.

शहराखाली यक्षांचं राज्य असलेली तीन भागांची कादंबरी मीच त्यांना सुचवली होती. यक्ष, उडणारी रिक्षा, बोलणारा पूल, सगळं त्यांनी बिनतक्रार मान्य केलं. तिसरा भाग मात्र त्यांनी माझ्या टेबलावर आपटला.

"थोरली बहीण खाडीच्या चिखलात रुतली, नि पाणी चढतंय म्हणून धाकटी तिला टाकून पळाली. अवसेची दुपार, दोन वाजलेले. बरोबर ना?"

"हो. तिचा नाइलाज होता, मावशी."

"कसला नाइलाज? अवसेला बारा-साडेबाराला भरती होते. दोनला पाणी उतरतंय! बसून चिखल उकरला असता तर दोघी घरी गेल्या असत्या. लिहिणाऱ्याला खाडी माहीत नाय, जाऊ दे. पण तुमी शिकलेले, तुमाला पण पटलं?"

मी रजिस्टर ओढून पुस्तक जमा झाल्याची नोंद करू लागलो. "पळणाऱ्याला पाणी चढतंच दिसतं," असं पुटपुटत त्या टोपली उचलून गेल्या.

मी कॉलेजला जावं म्हणून ताईनं नववीतच शाळा सोडली. घरात दुसरा मार्गच नव्हता, असं मी आजवर कृतज्ञतेनं सगळ्यांना सांगत आलो. तो खरंच नव्हता का, हे ताईला मी एकदाही विचारलेलं नाही.