फळीतला हूं

हा किस्सा मी स्वतःहून सांगणार नव्हतो. पण माझ्या बायकोनं तो आमच्या राजेश्वर गावभर केला आहे, आणि प्रत्येक दारात थोडा वाढवून केला आहे. तेव्हा खरं काय ते माझ्या तोंडून ऐका. चहा घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये नको.

मी सुतारकाम करतो. ती माझी जात नाही, माझी कमाई आहे. शाळा बेताची झाली, पण लाकडावर नुसती टिचकी मारून मी सांगतो की ते आतून सडलं आहे की नाही. घर बौद्ध दीक्षा घेतलेलं. अंगारा, लिंबू, उतारा आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही. एकदा गल्लीत देवरुषी आला होता. त्याला मी पायताण दाखवून वेशीबाहेर घालवला. भूत नाही, हे मी जन्मात जितक्यांदा म्हटलं असेल, तितक्यांदा "जेवायला वाढ" म्हटलं नसेल. हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

माझा दोस्त शिवलिंगप्पा. तुरीचा व्यापारी, लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी. दोन्ही भाषांत त्याचं उत्तर एकच. "हूं." तोंड न उघडता, पोटातून. तूर चांगली आहे का? हूं. भिजलेली आहे का? हूं. गिऱ्हाइकानं आपलं आपण समजून घ्यायचं. रोज दुपारी त्याच्या दुकानात आमचा चहा, आणि चहावर भुतांचा वाद. त्याचा भुतांवर विश्वास, माझा नाही. एक दिवस तो नेहमीपेक्षा जास्त बोलला.

"तुज्या आदी मी गेलो तर यिऊन हूं म्हनतो तुला. मंग बोल."

"ये की," मी म्हटलं. "चहा ठिवतो."

दिवाळीनंतर तो गेला. त्यांच्यात बसवून माती देतात. शेताच्या बांधावर, चिंचेखाली, त्याला बसवला. पोरांनी दुकानाला लोखंडी शटर लावलं आणि जुन्या सागवानी फळ्या मला दिल्या. त्याच फळ्यांना पाठ लावून तो जन्मभर बसला होता. पाठीचा तेलकट डाग फळीवर तसाच होता. मी रंधा मारला. डाग गेला नाही. अजून रंधा मारला. थोडा राहिलाच.

या फळ्यांचं काय केलं, ते ऐका. माझी नात सुजाता गुलबर्ग्याला कॉलेजात आहे. तिला गिटार हवी होती. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात ती वाजवून गाणार, असं तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलेलं. मी म्हटलं, विकत कशाला आणायची? अज्जा मेला का तुझा? तिनं मोबाइलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ पाठवला. त्याची भाषा मला कळली नाही. हात कळले. हाताला भाषा लागत नाही.

त्याच्याकडं होती तसली हत्यारं माझ्याकडं नव्हती, म्हणून मी केली. बोअरच्या पाइपाचा तुकडा उभा केला, आत निखारे भरले. भिजवलेली पट्टी त्यावर टेकवून हळूहळू दाबली की गिटारच्या कमरेसारखी वळते. ती तशीच राहावी म्हणून जुन्या चौकटीचा साचा केला. चिकटवलेले सांधे सायकलच्या ट्यूबा गुंडाळून आवळले. पोटात आडव्या पट्ट्या बसवायच्या, तर आवळायचा शिकंजा आत पोचेना. मग छपराच्या तुळईपासून फळीपर्यंत बांबूच्या कामट्या वाकवून अडकवल्या. त्या वरून रेटत राहतात, खाली सरस वाळतो.

बायको पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. अंधाऱ्या शेडात फळीवर उभ्या वाकड्या कामट्यांचं रान.

"कुनावर करनी करायलाव का?" ती म्हणाली.

"जा घरात," मी म्हटलं.

तोंडाची, म्हणजे तारांखालची, फळी इतकी पातळ केली की बोट टेकलं तर ती बोलायला लागली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. तारा आणि चाव्या सुजातानं गुलबर्ग्याहून पाठवल्या. सूर कसे लावायचे ते फोनवर सांगते म्हणाली. मी म्हटलं, मला कान आहेत. माझ्या कानाला बऱ्या वाटेपर्यंत मी तारा पिळल्या आणि गिटार शेडातल्या खिळ्याला टांगली. पौर्णिमा तोंडावर आली होती.

आता खरी गोष्ट.

वैशाखातली भर दुपार. लाइट गेलेली. आमच्याकडं ही वेळ रात्रीपेक्षा वाईट. गल्लीत चिटपाखरू नसतं, कुत्री नालीत जाऊन पडतात, आणि पत्र्याचं छप्पर आपोआप कटकट वाजतं. मी रंधा पुसत होतो. तहान लागली. मी घराकडं तोंड करून हाक मारली, "पानी आन गं!"

माझा आवाज थांबला. आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हूं…"

मी वळलो. शेडात कुणी नाही. गिटार खिळ्याला. हलत नव्हती.

भास झाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. मी म्हणजे काय लेचापेचा माणूस नाही. छाती पुढं काढली आणि दरडावलं, "कोन हाय?"

"हूं…"

तोच. तोंड न उघडता, पोटातून, मागं थोडा रेंगाळणारा. मी पुढं झालो आणि फळीवर हात ठेवला. डाग होता तिथंच. फळी तळहाताखाली थरथरत होती. मांडीवर घेतलेलं कोकरू थरथरतं, तशी. मग थांबली.

खात्री करावी म्हणून मी कानडीतही तेच विचारलं. "यारप्पा?"

"हूं…"

दोन्ही भाषा येत होत्या त्याला. आता संशय कुठं राहिला?

मी स्टुलावर बसलो. उभं राहायचं नव्हतं, असं समजा. गप्प राहिलो तर तोही गप्प. त्याचं जिवंतपणीही तसंच होतं, आपण काढल्याशिवाय बोलायचा नाही. शेवटी मी विचारलं, "शिवलिंगप्पा, तू हायेस का?" हूं. "माज्यावर रागावलास का?" हूं. "तुज्या फळ्या परत पायजेत का?" हूं.

मी स्टूल थोडं दाराकडं सरकवलं.

"का सुजातीला देऊ?"

"हूं…"

आता हे कसं जमवायचं? परत पण हवी आणि पोरीला पण द्यायची? पण मला नवल वाटलं नाही. तूर भिजलेलीही हूं आणि चांगलीही हूं. हा माणूस मरून सुधारला नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन चहा मागायला लागलो. बायकोनं दोन कप आणून ठेवले, माझ्याकडं बघितलं, गिटारीकडं बघितलं, आणि गेली. कमी साखरेचा कप मी गिटारीखाली ठेवला. शब्द दिला होता मी त्याला. संध्याकाळी कपावर साय धरलेली आणि मुंग्या. शिवलिंगप्पाही साय कपातच ठेवायचा. मला काटाच आला.

सांगायचं कुणाला? गावात ज्याला त्याला मी भित्रा म्हणून बसलो होतो. आणि भुतानं धरलेली चीज नातीच्या मांडीवर कशी द्यायची? मी ठरवलं, ज्याचं त्याला पोचवायचं.

बायको शेजारी गेलेली बघून मी गिटार पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळली आणि दोन्ही हातांवर घेऊन त्याच्या शेताकडं निघालो. वाटेत एक म्हातारी भेटली. तिनं ती लांबट पांढरी गुंडाळी बघितली, माझं तोंड बघितलं, पदर तोंडाला लावला आणि बांध सोडून बाजूला झाली. मी काय सांगणार? गिटार आहे?

चिंचेखाली वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. समाधीच्या दगडावर मी गुंडाळी ठेवली आणि म्हटलं, "शिवलिंगप्पा, तुला आनून सोडलंय. बस इथं निवांत. पोरीचा काय गुन्हा हाय? तिच्या मागं नगं यिऊस."

उत्तर नाही.

"शिवलिंगप्पा?"

काही नाही. मी मोठ्यानं हाक मारली. चिंचेतून एक कावळा उडाला, बस. चादरीतून आवाज नाही. तो उतरला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो म्हणून का दोस्त गेला म्हणून, ते मला विचारू नका.

घरी आलो. चादर सोडली, गिटार खिळ्याला टांगली, अंगावरचा सदरा काढला आणि मोकळ्या मनानं म्हटलं, "चला, आलो बाबा घरी!"

"हूं…"

तोही आला होता. माझ्या हातांवर झोपून, चादर पांघरून.

त्याच दुपारी गुलबर्ग्याच्या बसनं सुजाता उतरली. पिशवी दारात टाकून सरळ शेडात. गिटार बघून तिचं तोंड असं उजळलं की मला बघवेना. ती हात पुढं करायलीय तोवर मी आडवा झालो.

"हात लावू नगं."

"कामून?"

"मोडायची हाय ती."

मी लाकूड तासायची वाकस उचलली. खरंच उचलली. पोरीचा चेहरा पडला. मैत्रिणी येणार होत्या, विहारात तिचं नाव सांगून झालं होतं, आणि अज्जा वाकस घेऊन उभा. बायकोही आली. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. तेव्हा मग सांगावं लागलं. जन्मभर जे नाही म्हटलं, ते एका दमात आहे म्हटलं. शिवलिंगप्पा, फळ्या, चहा, समाधी, सगळं.

सुजाता हसली नाही. ती पोरगी शहाणी आहे.

"आता इचारा त्यानला," ती म्हणाली.

मी घसा साफ केला. "शिवलिंगप्पा, हायेस का?"

"हूं…"

बायको माझ्या पाठीमागं सरकली. सुजाता मात्र गिटारीजवळ गेली आणि तारांवर पंजा ठेवला. "आता."

"शिवलिंगप्पा!"

शेड गप्प. तिनं हात काढला. मी हाक मारली. "हूं…" तिनं हात ठेवला. गप्प. मग ती स्वतः म्हणाली, "शिवलिंगप्पा अज्जा, हायेत का?" तिच्या बारीक आवाजाला काही उत्तर नाही. बायकोला बोलायला लावलं. तिलाही नाही.

"अज्जा, तारा कशावर लावलाव तुमी?"

"कानावर."

"तोंडानं काय आवाज करीत होताव का, लावताना?"

करत होतो. आ करून लांब सूर धरायचो आणि तार त्याला येऊन मिळेपर्यंत चावी पिळायचो. दुसरा सूर होता कुठं माझ्याकडं?

"मंग बरोबर हाय," ती म्हणाली. "तुमच्या आवाजाला तार मिळालेली हाय. तुमी जोरात बोललाव की ती आपोआप थरथरते, अन् ही पोकळ पेटी तो आवाज मोठा करते. फळी लई झ्याक झाली की असं व्हतं. चादरीत गुंडाळल्यावर कशी वाजंल ती? त्यात शिवलिंगप्पा अज्जा न्हाईत. तुमीच हाव."

मी वाकस खाली ठेवली. कुठं बघावं कळेना. मग बायको बोलली. तीसुद्धा सावकाश, पदर सारखा करत.

"लगीन झाल्यापून ह्या आवाजाला आमी हूं म्हनायलोय. ह्यानला सोताचा आवाज पयल्यांदा फिरून ऐकू आला, अन् हे चादर घिऊन समादीवर पळाले."

मी बोललो नाही. तारांच्या इतक्या जवळ उभं राहून बोलायची माझी छाती नव्हती.

पौर्णिमेला सुजातानं तारा तिच्या सुरात लावून घेतल्या आणि विहारात गायली. लोक म्हणाले, विकतच्या गिटारीला असला आवाज नाही. शिवलिंगप्पाचा थोरला पोरगा मागं भिंतीला पाठ लावून ऐकत होता. मी विचारलं, "बरी झाली का रं?"

तो म्हणाला, "हूं."

मी दचकलो. ते बायकोनं बघितलं. म्हणून तर आज गावाला कळलं.

उरलेल्या फळ्यांची दुसरी गिटार करायला घेतली आहे. तारा चढवून झाल्या, शेडात खिळ्याला टांगली आहे. डाग तिच्यावरही थोडा राहिला आहे. भूत नाही, हे मी अजूनही म्हणतो. फक्त आता हळू म्हणतो.