सतरंजी मागणारे गृहस्थ

पवनीतील आमच्या सेवा मंडळात सभासद टिकेनात. मंडळ बंद पडण्याची वेळ आली होती. चिटणीस या नात्याने मी प्रत्येकाला उपस्थितीचे महत्त्व समजावीत असे. आमचे एक कापडदुकानदार सभासद मात्र काही समजावीत नसत. गैरहजर माणसाच्या घरी जाऊन ते नेत्रशिबिरासाठी सतरंजी मागून आणीत आणि ती कधीच पोहोचती करीत नसत.

एकदा असाच एक गैरहजर सभासद शिबिरात तणतणत आला.

"माही सतरंजी कवा देता जी?"

"तिच्यावर म्हाताऱ्या बसून राहिल्या. तुम्हीच उठवा अन् घेऊन जा!" दुकानदार म्हणाले.

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या आजीने पावलांच्या आवाजाकडे हात केला. "बापू, पानी देतं का?"

तो पाणी आणायला गेला.

पुढच्या सभेत ती सतरंजी त्यानेच अंथरली. दुकानदार कोपऱ्यात, दुसऱ्या कुणाच्या तरी सतरंजीवर, समाधानाने बसले होते.