फारशी न वाजलेली गिटार

उकायाली नदीकाठच्या पुकाल्पात एलेउतेरियो सबोयाचं केस कापायचं दुकान होतं. हात इतका हलका, की दाढी होईपर्यंत गिऱ्हाईक एक डुलकी काढून घ्यायचं. तोच हात गिटारीवर पडला, की ओंडका व्हायचा.

ऐन पंचविशीत, गावात गल्लोगल्ली कुंबिया या नाचगाण्याचे बँड निघत होते तेव्हा, त्याने लग्नासाठी साठवलेले पैसे एका बोटवाल्याच्या हातावर ठेवले आणि लालभडक इलेक्ट्रिक गिटार घरी आणली. ऑर्फेलिंडाशी ठरलेलं लग्न त्यापायी वर्षभर लांबलं. ती थांबली. त्याला सोबत घेतलेले चार बँडवाले मात्र चार दिवसही थांबले नाहीत. त्याला एकच गाणं यायचं, तेही अर्धं. तिसऱ्या ओळीवर बोटं अडायची, की स्वारी पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेजारी त्या उकाड्यातही खिडक्या लावून घ्यायचे.

त्याने कुणाचा राग धरला नाही. सणासुदीला, बारशाला गिटार काढायची, आपलं हसं करून घ्यायचं आणि ठेवून द्यायची. जंगलातल्या दमट हवेत लाकूड फुगतं, तारा गंजतात. म्हणून ऑर्फेलिंडाने गिटारीच्या पेटीत कोरड्या तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या. दर शनिवारी ती तांदूळ बदलायची, मऊ फडक्याने गिटार पुसायची आणि पुसता पुसता नवऱ्याचा उद्धार करायची. अशी चाळीस वर्षं गेली.

मग छपराचे पत्रे चाळणीसारखे गळू लागले. एलेउतेरियोने दुकानाच्या दारावर पाटी लावली : ‘जुनी गिटार विकणे आहे. फारशी वाजवलेली नाही.’

पाटीची बातमी ऐकून आठवड्याभरात लिसांद्रो नावाचा एक गिटारवाला थेट राजधानी लिमाहून येऊन थडकला. पेटी उघडताच त्याचे डोळे विस्फारले. “काका, ही तर कालच कारखान्यातून निघाल्यासारखी दिसतेय! एवढी कशी राखलीत?”

“त्याला वाजवता येत नाही ना, म्हणून!” आतून ऑर्फेलिंडाचा आवाज आला.

एलेउतेरियोने किंमत सांगितली. तशी ऑर्फेलिंडा कच्ची केळी सोलायची सुरी हातात घेऊनच बाहेर आली आणि तिने तिप्पट सांगितली.

“अगं, तुला तर ही कधी आवडलीच नाही!”

“तुझं वाजवणं आवडलं नाही, म्हाताऱ्या. गिटारीने माझं काय वाकडं केलंय?”

“काकू, आधी ऐकू तरी द्या,” लिसांद्रो हसत म्हणाला.

गिटार जोडताच जुना स्पीकर खरखरला. एलेउतेरियोने आपलं गाणं धरलं आणि तिसऱ्या ओळीवर नेहमीप्रमाणे अडला. लिसांद्रोने हात पुढे केला, गिटार घेतली आणि तिथूनच पुढे वाजवायला लागला. सूर कसा, पाण्यावर होडी सोडावी तसा निघाला. समोरच्या घराची खिडकी उघडली.

“असं आहे होय पुढे!” ऑर्फेलिंडा म्हणाली. “चाळीस वर्षं मी त्या तिसऱ्या ओळीत अडकून पडले होते!”

एलेउतेरियोला आपल्या रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना. आजवर प्रत्येक समारंभात त्या हातांत गिटार असायची आणि बायको भिंतीला टेकून बसलेली. त्याने हात पुढे केला. तिने सुरी खाली ठेवली. कापलेल्या केसांच्या ढिगातून दोघं नाचू लागली. खुर्चीतलं गिऱ्हाईक गालाला साबण तसाच ठेवून टाळ्या पिटत होतं.

“अजून तीन वाजव,” गाणं संपल्यावर ती धापा टाकत लिसांद्रोला म्हणाली, “आणि मग काकांनी सांगितली त्या किमतीला घेऊन जा. पण दर शनिवारी तांदूळ बदलायचे. विसरलास तर लिमाला येऊन कान पिळीन!”

त्याने ते मुकाट्याने कागदावर लिहून घेतलं. वाजवली मात्र तीन नाही, चांगली सात गाणी.

छपरावर नवे पत्रे चढले. पहिल्या शनिवारी ऑर्फेलिंडाचा हात सवयीने फडक्याकडे गेला. तिने दुकानाचा आरसा लखलखीत पुसला. दुसऱ्या दिवशी एलेउतेरियो धुतलेला सदरा घालून तिच्यापुढे उभा राहिला. “चल, धक्क्यावरच्या हॉलमध्ये बँड आहे.”

तेव्हापासून दर रविवारी दोघं नाचायला जातात. तो तिचे पाय तुडवतो, ती सगळ्यांच्या देखत ओरडते, आणि बँड थांबेपर्यंत त्याचा हात काही सोडत नाही.