काटोलचं कॉलेज कसं आहे?

बॅगा एसटीत चढवून झाल्या तरी बाबा खिडकीखाली उभेच होते. नागपूर काही फार लांब नाही, पण मी काटोल कायमचं सोडून चालले आहे हे त्यांना कळत होतं. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकले, तिथेच काही वर्षं गणित शिकवलं, आणि आता नागपुरातल्या नावाजलेल्या कॉलेजात रुजू होणार होते. "जाय बाई," बाबा म्हणाले, "पण इथल्या पोरायले आता कोण शिकवन?" कुणीतरी येईलच, असं मी म्हणाले. बस सुटली.

त्याला काही वर्षं झाली. आता माझ्या तोंडी टेस्ट सिरीज, रँक, डाउट सेशन हेच शब्द असतात. कुठलं कॉलेज खरंच अभ्यास करून घेतं आणि कुठलं नुसते फलक लावतं, हे लोक मला विचारतात, आणि मी बिनधास्त सांगते. गेल्या जूनमध्ये धाकट्या भावाचा, मिलिंदचा फोन आला. त्याची मुलगी अस्मिता दहावी झाली होती, तिला इंजिनिअर व्हायचं होतं. तिला काटोललाच ठेवायचं की नागपूरला पाठवायचं? "तू येऊन पाह्य ताई," तो म्हणाला. "तुले समजते."

बारावीचे तास सुरू झाले होते. प्राचार्यांची परवानगी घेऊन मी माझ्याच जुन्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. गणित शिकवणारा तरुण तासिका तत्त्वावर होता, आणि भौतिकशास्त्राला कुणी नाही म्हणून तेही त्याच्याच गळ्यात होतं. फळ्यावर तो डेरिव्हेटिव्हचं उदाहरण सुबक उतरवत होता, मुलं वहीत उतरवत होती. मधेच एका मुलीनं विचारलं, "सर, शेवटी एच शून्यच धरतो, तर मंग पहिलेच काहून नाही धरत?"

आधीच शून्य धरलं तर शून्यानं भागायची वेळ येते, सगळी गोम तिथेच असते; प्रश्न इतका नेमका होता की मी सरसावून बसले. तो गडबडला. परीक्षेत हे विचारत नाहीत, लिहून घ्या, म्हणाला. तिनं मुकाट्यानं लिहून घेतलं. तासभर कुणालाही स्वतः एक गणित सोडवायला मिळालं नाही. मला ठरवायला तेवढं पुरे होतं.

बाहेर त्यानं विचारलं, "मॅडम, कसं वाटलं?" मी म्हणाले, अक्षर छान आहे तुमचं. तो खुश झाला, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

घरी मी मिलिंदला सांगितलं की इथे पाया पक्का होणार नाही, तिला माझ्याकडे पाठव. त्यानं मान डोलावली. बाबा ऐकत होते. म्हणाले, "तू होती तवा असंच होतं का?"

नाही, म्हणाले मी. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अस्मिता निघाली त्या दिवशी तिची मैत्रीण प्राची बॅग भरू लागायला आली होती. दोघींना मार्क सारखेच, पण प्राची काटोललाच राहणार होती. "मॅडम, आमचं कॉलेज अगदीच बेकार आहे का जी?" तिनं हळूच विचारलं. मी तिला माझा नंबर दिला, काहीही अडलं तर फोन कर म्हणाले. तिनं मान हलवली. तिचा फोन अजून आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.

अस्मिता आता माझ्याच वर्गात पुढच्या बाकावर बसते. चांगलं चाललंय तिचं. माझ्यासारखेच गाव सोडून आलेले असाल तर तुम्ही म्हणाल, यात चुकलं काय? चुकलं असं मलाही म्हणता येत नाही. पण माझं काटोल आता असं झालं आहे: स्टँडवर उतरले की ओळखीचं कुणीतरी मुलाला घेऊन समोर येतं आणि कुठं घालायचं ते विचारतं. मी खरं तेच सांगते, आणि पुढच्या वेळी जाते तेव्हा त्या वर्गात प्रश्न विचारणारं आणखी एक पोर कमी झालेलं असतं.