बर्माची हॅट आणि वसंताचं कपाळ

२०२३ साल, जानेवारी महिना. मला पंच्याहत्तरावं लागलं होतं आणि माझा धाकटा भाऊ वसंत एकाहत्तरचा.

आधीच सांगून टाकतो – मी असल्या गोष्टी मानत नाही. मानल्या नाहीत आणि आजही मानत नाही. शिक्षण चौथी, तीसुद्धा रडतखडत, त्यामुळे शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघून घ्यावं. पण अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कापड-रंगाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. पांढरं काही हललं की माणसं भूत म्हणतात, मी आधी व्हॉल्व्ह बघतो. असा माझा स्वभाव. या सदरात लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते वाचून मी बऱ्याचदा हसलोय. आता तुम्ही हसा.

मला लष्करी हॅटांचा शौक आहे. कँपेन हॅट म्हणतात त्यांना – शिपाई मोहिमेवर जाताना घालायचे त्या. रुंद कडेच्या, फेल्टच्या, म्हणजे दाबून बसवलेल्या लोकरीच्या. उल्हासनगरला कॅम्प एक, कॅम्प चार म्हणतात ते उगाच नाही, लढाईच्या काळात खरोखर लष्कराची छावणी होती तिथे. माणसं गेली, सामान उरलं. पुढे ते भंगारात फिरत राहिलं. कॅम्प चारला परसू म्हणून एक सिंधी जुन्या सामानवाला आहे, त्याच्याकडून मी चाळीस वर्षांत सव्वीस हॅटा जमवल्या. नुसत्या जमवत नाही, घालतो. बदलापुरात हेंद्रेपाड्यापासून स्टेशनपर्यंत मला सगळे ओळखतात. आमच्या आगरी हळदीत मी हॅट घालून नाचलोय. पोरं ‘फौजीकाका’ म्हणून ओरडतात. ओरडू देत. फौजेत घेतलं नाही मला, छाती कमी भरली. डोकं तर भरतं ना!

तर आदल्या डिसेंबरच्या शेवटी परसूचा फोन. ‘काका, आ जाओ. एक पीस बाजूला ठेवलाय, बर्मा का माल है.’

गेलो. एका पत्र्याच्या पेटीत सापडलेली खाकी हॅट. फेल्ट घट्ट, एका जागी कसर लागलेली, कड सपाट. आतला चामड्याचा पट्टा मात्र सुकून आक्रसलेला.

‘परसू, कोणाची?’

‘साईं, टोपी बोलती तो मैं दुकान खोलता क्या? मी तिचीच मुलाखत घेतली असती.’

घेऊन आलो. माझा एक नियम आहे, आणलेली हॅट महिनाभर घालायची नाही. ब्रश मारायचा, वाफ द्यायची आणि मडक्यावर पालथी ठेवायची म्हणजे आकार धरते. कुंभाराकडून आणलेली अशी सव्वीस मडकी माझ्या लोखंडी कपाटात ओळीने आहेत. कपाटाला दोन किल्ल्या. एक माझ्या करगोट्याला, दुसरी वसंताकडे. त्याची बायको वारल्यापासून वसंत माझ्याकडेच राहायचा, मीही विधुर. माझे मुलगा-सून सकाळी कामाला जातात ते संध्याकाळी येतात. दिवसभर घरात आम्ही दोन म्हातारे. भांडायचो, पत्ते खेळायचो, जेवून दुपारी आडवे व्हायचो.

हॅट आणल्याला आठवडा झाला असेल. दुपारी चारला उठून कपाट उघडलं आणि हॅटेच्या आत बोट फिरवलं... पट्टा ओला. नुसता दमट नाही, ओला. आणि कोमट. बोट नाकाला लावलं – घाम.

जानेवारीतली थंडी. बदलापुरात तेव्हा लोक स्वेटर घालून दूध आणायला जातात.

मला वाटलं मडक्याचं काम. नवं मडकं पाणी धरतं. दुसऱ्या दिवशी मडकं काढलं, स्टीलचा डबा ठेवला. दुपारी चारला पट्टा ओला, डबा कोरडा. मग पट्ट्याला टाल्कम पावडर चोळून ठेवली. चारला बघतो तर पावडरीचे ओघळ झालेले, कपाळावरून उतरतात तसे. सकाळी कोरडी, बाराला कोरडी, आम्ही झोपून उठलो की ओली. असे नऊ दिवस.

आता तुम्हीच सांगा, बॉयलरवाल्या माणसाने काय समजायचं? वाफ आहे तर आग आहे. घाम आहे तर डोकं आहे. आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

दहाव्या दिवशी मी वसंताला विचारलं. विचारलं कसलं... सरळ अंगावर गेलो.

‘माझी हॅट घालून कुठे जातोस रे दुपारचा?’

तो चहा ओतत होता. ‘कोन? मी?’

‘नाही, तुझा सासरा.’

‘दादूस, तुझं डोकं फिरलंय. मना काय त्या टोपीचे डोहाळे लागलेत?’

‘मग पट्टा घामाने ओला कसा? घरात तिसरं कोण आहे?’

‘मी तुझे टोपीला हात नाय लावला.’

‘खोटं बोलतोस. लहानपणापासून माझी वस्तू चोरून वापरायची सवय तुझी.’

हे मी बोलायला नको होतं. वसंताने किटली खाली ठेवली. आत गेला, पिशवी भरली. त्याच्याकडची किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घालता घालता म्हणाला, ‘सत्तर वर्षांनी चोर केलास मना. आता या घरात पाय नाय ठेवनार.’

तो वांगणीला मुलीकडे, शारदाकडे गेला. मी अडवलं नाही. मुलगा संध्याकाळी म्हणाला, ‘बाबा, काकांची माफी मागा.’ मी म्हणालो, ‘आधी हॅट बघ.’

कारण त्या दुपारी पट्टा कोरडा होता. दुसऱ्या दुपारीही कोरडा, तिसऱ्याही. मी मुलाला हाताला धरून कपाटापाशी नेलं, त्याचं बोट पट्ट्यावरून फिरवलं. ‘बघ! चोर गेला, घाम गेला.’ जिंकलो होतो ना मी. पण दुपारी पत्त्यांचा जोड काढून बसलो आणि पुन्हा पेटीत टाकला. एकटा माणूस काय खेळणार?

पाचव्या दिवशी शारदाचा फोन. ‘मोठे बाबा, तुमचं भांडण तुमच्यापाशी. पण एकदा येऊन जा. बाबांची तब्येत ठीक नाही.’

‘काय झालं?’

‘रोज दुपारी झोपले की घामाने भिजतात. फक्त डोकं. अंग थंडगार. डॉक्टरांनी बीपी बघितलं, शुगर, रक्त... सगळं नॉर्मल आहे. जेवण सुटलंय त्यांचं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं चालू राहिलं तर झेपायचं नाही.’

गेलो वांगणीला. दुपारचे तीन वाजले असतील. वसंत खाटेवर झोपलेला. पाच दिवसांत गाल बसलेले. उशी चिंब. शारदाने टॉवेलने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर, सरळ लाल पट्टा उमटलेला. पुढून कानांवरून मागे, डोक्याभोवती गोल. मला तो पट्टा कसला ते सांगायला कोणी लागत नाही. हॅट काढल्यावर माझ्या कपाळावर तसाच उमटतो. चाळीस वर्षं आरशात बघतोय.

वसंत जागा झाला. मला बघून तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघतच बोलला.

‘चालून चालून मेलो रे.’

‘कुठे चाललास?’

‘डोळा लागला की चालतो. चिखल आहे. पुढं खेचरं हायत. कोन बोलत नाय. खांद्यावर वजन, उतरवू देत नाय. अन् डाव्या कानाला पाऊस लागतो... उजव्याला नाय लागत. डावा कान नुसता बधिर होतो थंडीनं.’

‘कधीपासून?’

‘तुझ्याकडं होतो तवापासून. तुला काय सांगनार, हसला असतास.’

हसलोच असतो. बर्मा, चिखल, खेचरं – या गप्पा मीच त्याला शंभर वेळा ऐकवल्यात, त्यामुळे स्वप्नात येणार. इथपर्यंत माझं डोकं शाबूत होतं. पण डावा कान?

संध्याकाळी घरी येऊन हॅट उजेडात धरली. कड सपाट आहे म्हणून मी ती सपाट कडेचीच समजलो होतो. भिंग लावून बघितलं तर डाव्या बाजूला कडेवर एक बारीक भोक, आणि वर टोपीच्या अंगाला त्याच्या जोडीचं तुटलेलं टिचबटण, फेल्टच्या केसांत बुडालेलं. म्हणजे ही डावी कड वर मुडपून लावायची हॅट. बंदूक खांद्यावर घेतली की कडेला लागू नये म्हणून तसं करतात. डावा कान उघडा राहतो. सव्वीस हॅटांचा मालक मी, मला तीन आठवडे दिसलं नव्हतं. वसंताला कसं माहीत असणार?

आता एक गोष्ट सांगतो. ती मी मुलाला सांगितली नव्हती, शारदाला नाही, आणि इथे लिहितानाही सुरुवातीला गाळली, कारण ती माझी चूक आहे.

आक्रसलेला पट्टा सैल करायची माझी एक पद्धत आहे. चामडं ओलं करायचं आणि आपल्यापेक्षा मोठ्या डोक्यावर अर्धा तास बसवायचं. मग काढून मडक्यावर वाळवायचं. वसंताचं डोकं माझ्याहून अर्ध्या इंचाने मोठं. सगळ्या हॅटा मी त्याच्या डोक्यावर सैल केल्यात. कुरकुर करायचा, बसायचा. पण ही हॅट आणली तेव्हा तो नको म्हणाला होता. ‘लढाईतली हाय. त्याचं काय झालं असंल कोन जाने. ही मना नको.’ मी म्हणालो, ‘अर्धा तास बस गप. मरत नाहीस.’ आणि ओली हॅट त्याच्या डोक्यावर दाबली. जेवण झालेलं. तो खुर्चीतच पेंगला, आणि माझाही डोळा लागला. उठलो तेव्हा चार वाजले होते. पट्टा त्याच्या डोक्यावरच खडखडीत वाळला होता.

असं कधी होऊ द्यायचं नसतं. चामडं ओलं असताना ज्या डोक्यावर वाळतं त्या डोक्याचं होतं. मग ते दुसऱ्याला बसत नाही.

म्हणजे वसंत खरं बोलला होता. त्याने हात लावलाच नव्हता, हात माझे होते.

भूतबित मी मानत नाही. पण चामड्याचं काम मला कळतं. वाळलेला पट्टा सोडवायचा तर एकच उपाय – पुन्हा ओला करायचा आणि दुसऱ्या डोक्यावर वाळवायचा.

पुढे काय झालं तेही सांगतो, म्हणजे विचारायला पत्र टाकू नका. वसंताचा घाम थांबला. कपाळावरचा लाल पट्टा चार-सहा दिवसांत पुसट झाला. हॅट माझ्या कपाटात आहे, दुपारी बोट फिरवून बघतो, कोरडी असते. मला कधी चिखल दिसला नाही, खेचर दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, मनाचा ताण असतो, भावाभावांत भांडण झालं की होतं. असेल. पण कपाटातल्या हॅटेला कसला ताण होता, ते त्यांना सांगता आलं नाही. मलाही येत नाही. दोन वर्षं विचार करतोय. टिचबटणाचा तर रोज करतो.

आता वांगणीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं सांगतो.

सव्वापाचला उठलो. पट्टा कोमट पाण्याने ओला केला, हॅट डोक्यावर घट्ट ओढली आणि चालत निघालो. हेंद्रेपाड्याहून पूल ओलांडून कुळगाव, पुढे कर्जतचा रस्ता. गाडीत बसलो असतो तर पट्टा वाळला नसता – त्याला वारा लागतो आणि घाम लागतो. दहा-अकरा किलोमीटर असेल. वाटेत एक रिक्षावाला म्हणाला, ‘फौजीकाका, बॉर्डर कुठे?’ मी नुसता हात हलवला. दम पुरत नव्हता. गुडघे दुखत होते, डावा कान मात्र ठीक होता, तो मी मुद्दाम तपासत होतो.

नऊच्या सुमारास शारदाच्या दारात पोहोचलो. वसंत ओट्यावर घोंगडी घेऊन बसला होता. पट्ट्यात बोट घालून बघितलं – वाळला होता. मग हॅट काढली.

माझ्या कपाळाकडे बघत तो म्हणाला, ‘चालत आलास?’

‘हो.’

‘येडा हायस.’

‘आहे.’

शारदा पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. पंच्याहत्तर वर्षांत मी हे शब्द आईला बोललो नाही, बायकोला बोललो नाही, कारखान्यात फोरमनला तर नाहीच नाही.

‘तू नव्हती घातलीस,’ मी म्हणालो. ‘मीच घातली. चुकलो मी.’

‘काय?’ वसंताने कानाला हात लावला. ‘ऐकू नाय आलं. जोरात बोल.’

त्याचे दोन्ही कान शाबूत आहेत, हे मला चांगलं ठाऊक आहे. शेजारच्या दोन बायका नळावर हंडे लावून आमच्याकडेच बघत होत्या.

मी जोरात बोललो.